केगला झाकण नसते

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत बिअरच्या व्यापाराविषयी जो अनुवादित लेख छापला आहे, त्यात एकाच वस्तूला चार नावे मिळाली आहेत. पहिल्या परिच्छेदात ती 'बिअरची टाकी' आहे, दुसऱ्यात 'पिंप', पुढे कुठेतरी 'बॅरल' आणि छायाचित्राखाली चक्क 'बिअरचे डबे'. छायाचित्रात दिसतात ते केग आहेत. स्टेनलेस स्टीलची गोलसर भांडी, वर आणि खाली जाड कडी, वरच्या कडीत हात घालण्यापुरत्या खाचा आणि मधोमध एकच तोंड. ही भांडी धुणाऱ्या आणि भरणाऱ्या यंत्रांची देखभाल करण्यात माझी सगळी नोकरी गेली. मी स्वतः बिअर पीत नाही असे सांगितले की लोक हसतात. पण केगशी माझे नाते पान्याचे होते, पेल्याचे नव्हते.

मूळ इंग्रजी लेखात केग, कास्क, बॅरल हे शब्द आपापल्या जागी असणार. मराठीत येताना त्यांची सरमिसळ झाली. एरवी मी तिकडे दुर्लक्षही केले असते. पण लेखासोबतच्या चौकटीतला सल्ला या सरमिसळीमुळे धोक्याचा झाला आहे. त्याकडे येतोच, आधी वस्तू नीट ओळखून घेऊ.

केग हे दाबाचे भांडे आहे. वरच्या तोंडात झडप बसवलेली असते आणि झडपेपासून एक नळी थेट तळापर्यंत गेलेली असते. या नळीला 'स्पिअर' म्हणतात, म्हणजे भाला, आणि ती दिसतेही तशीच. तोंडावर कपलर, म्हणजे गॅसच्या आणि बिअरच्या नळ्या जोडणारा जोड, अडकवून त्याचा दांडा खाली दाबला की झडपेत दोन वाटा उघडतात. एका वाटेने कार्बन डायऑक्साइड आत शिरून बिअरला वरून दाबतो, दुसऱ्या वाटेने बिअर स्पिअरमधून चढून नळाकडे जाते. म्हणजे बाहेर पडते ती वरच्या तोंडातून, पण येते तळाची आधी. या सगळ्या व्यवहारात बाहेरची हवा आत जात नाही, आणि केगचे सारे मर्म तेवढ्यात आहे. हवा लागली नाही म्हणून बिअर टिकते, दाब राहिला म्हणून फेस येतो. कपलरचेही प्रकार आहेत. युरोपात बहुतेक ठिकाणी एस, अमेरिकेत डी. दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एसचे टोक किंचित लांब असते आणि एकाच्या जागी दुसरा लावला की काम अडते.

केग धुतात आणि भरतात तो उलटा करून, मान खाली ठेवून. कामावर नवा आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारायचा, हे सगळे पालथे का ठेवलेत? स्पिअरमधून जोराने वर गेलेले पाणी तळाला आपटते आणि सगळ्या भिंतींवरून ओघळत मानेशी परत येते, म्हणून. आधी आत उरलेली बिअर काढायची, मग पाणी, मग कॉस्टिक सोड्याचे द्रावण, पुन्हा पाणी, मग आम्ल, मग वाफ. त्यानंतर आत कार्बन डायऑक्साइडचा दाब द्यायचा आणि त्या दाबाच्या विरुद्ध हळूहळू बिअर सोडायची. घाई केली की आत नुसता फेस. एवढ्या सगळ्यात केग उघडला असे कधीच होत नाही. आतून धुतलेला, वाफवलेला, भरलेला आणि तरीही न उघडलेला, असा त्याचा प्रवास वीस-तीस वर्षे चालतो.

आता बॅरल. मूळचे हे भांडेच, पण आज ते मुख्यतः माप आहे, आणि तेही एक माप नाही. आपल्या अर्थविषयक पानावर कच्च्या तेलाचा भाव ज्या बॅरलमागे छापतात ते ४२ अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे १५९ लिटरचे. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेल लागले तेव्हा ते हाताला लागेल त्या लाकडी भांड्यांत भरले जाई. पुढे १८६६ मध्ये तिथल्या उत्पादकांनी ४२ गॅलनचा हिशेब ठरवला. आता तेल नळांतून आणि जहाजांतून जाते, भांडे गेले आणि माप उरले. बिअरचे ब्रिटिश बॅरल ३६ इम्पीरियल गॅलनचे, सुमारे १६४ लिटर. अमेरिकी बिअर बॅरल ३१ अमेरिकी गॅलनचे, सुमारे ११७ लिटर. शिवाय गॅलनही दोन. १८२४ च्या कायद्याने ब्रिटनने नवा इम्पीरियल गॅलन आणला, तर अमेरिकेने २३१ घनइंचांचा जुना वाइन गॅलनच पुढे चालवला.

आपल्या लेखात '५० लिटरचे बॅरल' असे छापले आहे. वर दिलेला कोणताही हिशेब लावला तरी ५० लिटरचे बॅरल होत नाही. ५० लिटरचा असतो तो युरोपातला नेहमीचा केग. याच लेखात एका ब्रुअरीचे, म्हणजे बिअरच्या कारखान्याचे, वार्षिक उत्पादन 'इतकी लाख पिंपे' असे दिले आहे, तिथे मात्र मुळात बॅरल हे माप असणार; तेवढी पिंपे कुठे रचून ठेवलेली नसतात.

अमेरिकी मजकुरात आणखी एक फसवी जागा आहे. तिथे सर्वसाधारण पूर्ण आकाराच्या केगला 'हाफ बॅरल' म्हणतात. बॅरल ३१ गॅलनचे, त्याचे निम्मे साडेपंधरा गॅलन, म्हणजे सुमारे ५८.७ लिटर. अर्थात 'हाफ बॅरल' म्हणजे पूर्ण भरलेला, पूर्ण आकाराचा केग. याचे भाषांतर 'अर्धे भरलेले पिंप' असे केलेले मी पाहिले आहे. त्याच्या निम्म्या आकाराला 'पोनी केग' म्हणतात, सुमारे २९ लिटरचा, आणि बॅरलचा सहावा हिस्सा असतो त्याला 'सिक्स्टल', साडेएकोणीस लिटरचा. सिक्स्टल उंच आणि सडपातळ असतो, तो एकटा माणूस उचलू शकतो. ५० लिटरचा भरलेला केग मात्र साठ किलोच्या पुढे जातो. तो कुणी उचलत नाही, काठावर तिरका करून फिरवत नेतात, आणि हे करताना पायात बूट कोणते आहेत याला फार महत्त्व असते.

पिंपाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा शब्द मला प्रिय आहे. तो पोर्तुगीज 'पिपा'वरून आपल्याकडे आला. पगार, चावी, साबण, बटाटा ही सगळी त्याचीच भावंडे. पोर्तुगालमध्ये पिपा म्हणजे वाइनचे मोठे लाकडी पिंप. दोरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट वाइनचा हिशेब आजही पिपांत होतो आणि एक पिपा ५५० लिटरचा धरतात. इंग्रजीत याचा चुलतभाऊ 'पाइप', तो १२६ वाइन गॅलनचा, म्हणजे ४७७ लिटरच्या आसपास. दोन पाइपांचा एक 'टन'. जहाजात अशी किती पिंपे मावतील यावरून जहाजाची मापणी होई आणि तिथूनच आजचा टन हा शब्द रूढ झाला. सांगायचा मुद्दा असा की पिंप ज्या घराण्यातले आहे, तिथे चारपाचशे लिटरला कुणी मोठे म्हणत नाही. मराठीतही पिंप म्हटले की डोळ्यांसमोर येते ते मोठे, रुंद तोंडाचे, वर झाकण असलेले भांडे.

केग या घराण्यातला नाही. त्याचा उगम जुन्या नॉर्स भाषेतल्या 'काग्गी'त सांगतात. इंग्रजीत तो आधी 'कॅग' असा आला आणि सतराव्या शतकात 'केग' झाला. अर्थ पहिल्यापासून एकच, लहान पिंप. साधारणपणे दहा गॅलनच्या आतले. त्यात बिअरच असली पाहिजे असे काही नव्हते. खिळे केगमधून विकत आणि खिळ्यांचा एक केग १०० पौंडांचा धरत. खारवलेले मासे केगमध्ये, लोणी केगमध्ये, बंदुकीची दारू केगमध्ये. म्हणून जुन्या इंग्रजी मजकुरात, समजा अठराव्या शतकातल्या जहाजावरच्या वर्णनात, केग आला तर तिथे 'लहान पिंप' किंवा 'पिंपुकले' लिहायला माझी हरकत नाही. तो केग लाकडीच होता आणि पिंपाचाच धाकटा भाऊ होता. विसाव्या शतकात धातूचा, गॅसच्या दाबावर चालणारा केग आला तेव्हा नाव जुने राहिले आणि वस्तू पूर्णपणे वेगळी झाली. वस्तू पाहिल्याशिवाय शब्द निवडता येत नाही तो इथे.

ब्रिटनमध्ये या फरकावरून मोठे रणकंदन झाले आहे. तिथे 'कास्क' म्हणजे पोट फुगीर असलेले जुन्या घाटाचे भांडे, मग ते लाकडाचे असो वा धातूचे. त्यात बिअर जिवंत असते, म्हणजे आतल्या यीस्टमुळे भांड्यातच तिचे आंबणे चालू राहते. ती हातपंपाने किंवा नुसती तोटी सोडून काढतात आणि काढू तशी आत हवा जाते. कास्कची मापेही कानाला गोड. साडेचार गॅलनचा पिन, नऊचा फर्किन, अठराचा किल्डरकिन, छत्तीसचे बॅरल, चोपन्नचा हॉग्जहेड. फर्किनचा अर्थच डच भाषेत 'छोटा चतुर्थांश', बॅरलचा पाव हिस्सा. केगमधली बिअर याउलट बहुधा गाळलेली, बऱ्याचदा पाश्चराइझ केलेली, थंड आणि बाहेरच्या गॅसवर चालणारी. १९७१ मध्ये चार जणांनी 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ('एल' हा बिअरचा एक प्रकार) ही चळवळ सुरू केली ती कास्कच्या बाजूने आणि केगच्या विरुद्ध. त्या काळातल्या तिथल्या बिअररसिकाच्या तोंडी 'केग' हा शब्द जवळजवळ शिवीसारखा येई. गंमत अशी की केगमधल्या बिअरचा सगळ्यांत गाजलेला नमुना होता 'वॉटनीज रेड बॅरल'. भांडे केग आणि नाव बॅरल. आपला अनुवादक एकटाच गोंधळलेला नाही, हे सांगायला हे उदाहरण पुरे.

आपल्या लेखात या चळवळीवर एक वाक्य आहे: 'पिंपातील बिअरऐवजी पिंपातील बिअर प्यावी असा या संघटनेचा आग्रह आहे.' अनुवादकाने कास्कलाही पिंप केले आणि केगलाही. मुद्रितशोधकाच्या नजरेतून हे वाक्य सुटले कसे, हे मला अजून उलगडलेले नाही.

कास्कला पिंप म्हणा, जरूर म्हणा. फर्किनला पिंपुकले म्हणा. केगला केगच राहू द्या. जर्मनांकडे 'फास' हा छान जुना शब्द आहे, म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये महापौर मोगरीने तोटी ठोकून फोडतात ते लाकडी फासच असते. तरीही स्टीलच्या दाबाच्या भांड्यासाठी त्यांच्या कारखानदारांनी 'केग' हाच शब्द उचलला. आम्ही कामावर 'तो केग' म्हणायचो, अनेकवचनातही केगच. 'दोन केग गळतायत', 'केग लावून घे'. लेखात 'केग्ज' वगैरे करण्याची गरज नाही. टेबल, पंप, बोल्ट यांच्यापुढे आपण इंग्रजी अनेकवचन लावत नाही, तसेच हे.

मात्र सगळीकडे केगच लिहावे असेही माझे म्हणणे नाही. काही आठवड्यांपूर्वी आपल्याच आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या पानावर एका अशांत प्रदेशाला 'मद्याचे पिंप' म्हटले होते. मुळात 'पावडर केग' असणार. अनुवादकाने आधी मनात 'दारूचे पिंप' असे बरोबर केले असावे आणि मग दारू हा शब्द सभ्य करायच्या नादात मद्य केले असावे. दारू हा शब्दच मोठा नाटकी आहे. फारसीत त्याचा अर्थ औषध. मराठीत तो बंदुकीतही गेला आणि बाटलीतही. दारूगोळा आणि दारूबंदी यांतली दारू एकच नाही, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. शोभेची दारू उडवतात, पीत नाहीत. पहिल्या महायुद्धाआधी बाल्कन प्रदेशाला 'युरोपचा पावडर केग' म्हणत, त्याला मराठीत 'दारूचे कोठार' हा ठणठणीत शब्दप्रयोग आहे. तिथे केगही नको आणि पिंपही नको. जाता जाता एक माहिती. बंदुकीच्या दारूच्या केगला लोखंडी पट्टे बांधत नसत, तांब्याचे किंवा लाकडी बांधत, कारण लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडायची भीती. १६०५ मध्ये गाय फॉक्स लंडनमध्ये संसदेखालच्या तळघरात पकडला गेला तेव्हा त्याच्याजवळ दारूची ३६ बॅरल होती, असे इतिहास सांगतो. ही मात्र खरीच भांडी होती, माप नव्हे.

आता ती चौकट. 'जुन्या बिअरच्या पिंपाचे झाकण काढून त्याची कुंडी, बैठक किंवा शेगडी करता येते,' असे तिच्यात लिहिले आहे. केगला झाकण नसते. जे काढता येण्यासारखे दिसते ती झडप आणि तिला जोडलेला स्पिअर. तो केगच्या मानेत कडीने किंवा आट्यांनी अडकवलेला असतो आणि आतला दाब त्याला सतत बाहेर ढकलत असतो. बिअर संपली म्हणजे केग रिकामा झाला असे नाही. बिअरची जागा गॅसने घेतलेली असते. साधे गणित मांडतो. मानेचा व्यास पाच सेंटिमीटर आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा एक बारने, म्हणजे साधारण एका वातावरणाइतका, जास्त धरला, तरी झडपेवर सुमारे वीस किलोचा जोर पडतो, आणि स्पिअरचे वजन किलोभरही नसते. त्यात आत थोडी बिअर शिल्लक असेल आणि केग उन्हात पडून तापला असेल, तर दाब थंड केगच्या दुपटीहून वर जातो. अशा वेळी पेचकसाने कडी उचकटली की तो भाला सुटतो, आणि बहुधा उचकटणाऱ्याचे तोंड नेमके त्याच्यावर असते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. २०१२ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या एका ब्रुअरीत दाबाच्या हवेने साफ करताना प्लास्टिकचा केग फुटून एक कामगार ठार झाला. तिथे काम करणारी माणसे जाणती होती, हे लक्षात घ्या.

शेगडीचा सल्ला तर त्याहून वाईट. झडप जागेवर ठेवून केग आगीवर ठेवणे म्हणजे बंद भांडे तापवणे. आणि तो कापायचा तर आधी दाब पूर्ण सोडावा लागतो, झडप दाबून, आपला चेहरा बाजूला ठेवून, आतून आवाज पूर्ण थांबेपर्यंत. मूळ इंग्रजी चौकटीत हे सारे असेल आणि जागेअभावी कापले गेले असेल, किंवा 'पिंप' या शब्दामुळे अनुवादकाला ते अनावश्यक वाटले असेल. पिंपाला दाब नसतो, मग दाब सोडा असे का लिहायचे? त्याच्या जागी मी असतो आणि केग कधी पाहिला नसता, तर मलाही तसेच वाटले असते.

आणखी एक. केग बहुतेक वेळा विकला जात नाही, विकली जाते ती आतली बिअर. केग ब्रुअरीच्या मालकीचा असतो, तसे त्याच्या अंगावर ठोकलेलेही असते, आणि रिकामा झाल्यावर परत जातो. म्हणून कुठेतरी बेवारस पडलेला केग घरी आणून कापणे ही बहुधा दुसऱ्याच्या मालावर चालवलेली करवत असते. भंगारात जाणाऱ्या केगांपैकी किती खरोखर भंगार असतात, याची मला शंकाच आहे.

तेव्हा येत्या अंकात आपण दुरुस्ती छापावी. माझ्या पत्रातून काही उचलायचे असेल तर एवढे पुरे: बिअरच्या केगला झाकण नसते, रिकामा दिसणारा केगही दाबाखाली असतो, त्याची झडप किंवा स्पिअर घरी काढू नये, केग आगीवर ठेवू नये, दिलेला सल्ला मागे घेतला आहे. हे त्याच पुरवणीत, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या टाइपात यावे. पत्राला या आठवड्यात जागा नसेल तर ते पुढच्या महिन्यात छापले तरी चालेल, दुरुस्ती मात्र उद्याच छापा.

आपला,
एक निवृत्त देखभाल अभियंता